गरगर फिरणारा उपग्रह, नारायणगावजवळची आर्वी आणि विक्रम साराभाई

यवतमाळमध्ये कुणालाही विचारा, आर्वी कुठे आहे? तो सरळ वर्ध्याकडे बोट दाखवेल. बरोबरच आहे. विदर्भात आर्वी म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव.

पण भारताला पहिल्यांदा उपग्रहामार्फत जगाशी जोडणारी आर्वी दुसरीच आहे. ती आहे पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ. १९७१ साली या आर्वीच्या माळावर जवळपास ३० मीटर व्यासाची एक भलीमोठी थाळी आकाशाकडे तोंड करून उभी राहिली. आजूबाजूला ज्वारी-बाजरीची शेतं, मागे डोंगर आणि मध्ये ही पांढरी छत्री. तोवर मुंबईहून लंडनला फोन लावायचा तर रेडिओ लहरींच्या लहरीवर अवलंबून राहावं लागायचं. लहरींचं गणित बिघडलं की आवाज गेला. आता तोच आवाज आर्वीतून ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली उतरणार होता.

गंमत अशी, की ही थाळी ज्या उपग्रहाकडे बघत होती तो एका जागी शांत बसलेला नव्हता. तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती गरगर फिरत होता. आणि तरीही त्याच्या अँटेनाचं तोंड क्षणभरही पृथ्वीवरून हलत नव्हतं.

हे कसं जमतं, याचं उत्तर भारतात कुणाला तरी शिकावं लागणार होतं. ते विकत न घेता शिकायचं, असा हट्ट धरणाऱ्या माणसाचं नाव विक्रम साराभाई.

साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादचा. घर कापूस गिरणीवाल्यांचं. वडील अंबालाल साराभाई म्हणजे कॅलिको मिल्सचे मालक, गुजरातच्या मोठ्या उद्योगपतींपैकी एक. आपल्या यवतमाळ भागात कापूस पिकतो तो शेतात, तिकडे त्याचा पैसा व्हायचा गिरणीत. अंबालाल आणि सरलादेवींची आठ मुलं. त्यांनी या मुलांना बाहेरच्या शाळेत घातलंच नाही. बंगल्यातच शाळा काढली, देशी-विदेशी शिक्षक ठेवले. घरात एक कार्यशाळाही होती. तिथे विक्रमने पोरवयात रेल्वे इंजिनाचं चालतं मॉडेल बनवलं.

घरी येणारे पाहुणेही साधे नव्हते. रवींद्रनाथ टागोर उतरायचे. विक्रम केंब्रिजला निघाला तेव्हा त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहिलं ते टागोरांनी.

१९४० मध्ये केंब्रिजची पदवी मिळाली आणि तोवर दुसरं महायुद्ध पेटलेलं. तरुण साराभाई भारतात परतले आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम करू लागले. विषय होता विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणारे कण. हे कण मोजायचे तर कधी सपाटीवर तर कधी काश्मीरच्या बर्फाळ डोंगरावर उपकरणं न्यावी लागत. पुण्याच्या हवामान खात्यातले के. आर. रामनाथन यांच्याशी त्यांची ओळख याच काळातली. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी लग्न झालं. युद्ध संपल्यावर पुन्हा केंब्रिजला जाऊन १९४७ मध्ये पीएचडी पूर्ण केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदाबादच्या एका कॉलेजातल्या दोन-चार खोल्यांत त्यांनी भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. लोक तिला पीआरएल म्हणतात. संचालक म्हणून पुण्याहून रामनाथन आले. साराभाई तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते.

पुढची पंधरा वर्षं त्यांनी काय काय उभं केलं याची यादी फार लांबेल. गिरण्यांसाठी संशोधन करणारी अटिरा ही संस्था, १९६१ मधलं अहमदाबादचं आयआयएम, औषधांचा कारखाना. हे सगळं एका बाजूला ठेवू. कारण या गोष्टीचा खरा धागा १९५८ मध्ये अमेरिकेत सुरू होतो आणि त्याचा साराभाईंशी तेव्हा काहीच संबंध नव्हता.

जानेवारी १९५८ च्या शेवटच्या रात्री अमेरिकेने आपला पहिला उपग्रह सोडला. नाव एक्सप्लोरर-१. आकार लांबुडका, पेन्सिलीसारखा. पेन्सिल दोन बोटांत धरून गिरमिटासारखी फिरवावी, तसा हा उपग्रह आपल्या लांबीभोवती फिरत राहील असं ठरलं होतं. कारण फिरणारी वस्तू आपली दिशा सोडत नाही. भोवरा उभा राहतो तो फिरतोय म्हणूनच. थांबला की आडवा. बंदुकीच्या नळीत गोळीला पीळ देतात, तेही त्यासाठीच.

पण वर गेल्यावर काही तासांत एक्सप्लोरर-१ ने सगळ्यांना तोंडघशी पाडलं. तो गिरमिटासारखं फिरणं सोडून पंख्याच्या पात्यासारखा आडवा गरगरू लागला.

असं का झालं? उपग्रहाच्या अंगावर चार लवचीक तारा होत्या, अँटेनाच्या. फिरताना त्या थरथरत होत्या आणि त्या थरथरीत फिरण्यातली थोडी थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जात होती. ऊर्जा कमी होत गेली की फिरणारी वस्तू सगळ्यात आळशी मार्ग निवडते. म्हणजे ज्या अक्षाभोवती तिचं वजन जास्तीत जास्त बाहेर पसरलेलं असतं, त्याच अक्षाभोवती ती फिरू लागते. लांब पेन्सिलीसाठी तो अक्ष पंख्याचा, गिरमिटाचा नव्हे. भोवरा बनवणाऱ्या सुताराला जे हाताने कळतं, की भोवरा पोटाशी रुंद हवा, ते रॉकेटवाल्यांना त्या रात्री आकाशातून कळलं.

तेव्हापासून फिरणारे उपग्रह बुटके आणि रुंद झाले. पत्र्याच्या पिंपासारखे.

आता दुसरी अडचण. भोवरा आपली दिशा सोडत नाही हे चांगलंच, पण आपल्याला ती बदलायची असेल तर? फिरत्या वस्तूला ढकललं की ती ढकललेल्या दिशेला झुकत नाही, तिच्या काटकोनात वळते. सायकलचं सुटं चाक आसाला धरून जोरात फिरवा आणि मग आस तिरका करून बघा. चाक हातातून भलतीकडेच ओढ घेतं. उपग्रहाचं तेच होतं, फक्त तिथे धरायला हात नसतो.

यावरचा तोडगा अमेरिकेतल्या ह्यूज कंपनीतल्या डोनाल्ड विल्यम्स नावाच्या तरुण इंजिनिअरने काढला. तो आणि हॅरॉल्ड रोझेन मिळून दूरसंचाराचा उपग्रह हलका कसा करायचा याच्या मागे लागले होते. विल्यम्सची युक्ती ऐकायला अगदी सोपी आहे. उपग्रहाच्या कडेला वायूची एक बारीक तोटी बसवायची. ती सतत सोडायची नाही, कारण उपग्रह फिरतोय, सतत सोडली तर सगळ्या दिशांचे धक्के एकमेकांना खोडून टाकतील. त्याऐवजी प्रत्येक फेरीत ती नेमक्या एकाच जागी आली, की तेवढ्यापुरतीच उघडायची. फट्. पुढच्या फेरीला पुन्हा फट्. झोपाळ्याला प्रत्येक वेळी एकाच टोकाला हलका धक्का द्यावा, तसं.

समजा, उपग्रह मिनिटाला १०० फेऱ्या मारतोय. म्हणजे एक फेरी ०.६ सेकंदांची. तोटी फेरीच्या आठव्या भागापुरतीच उघडायची तर तिला मिळतात ०.०७५ सेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. शिवाय धक्का काटकोनात काम करतो, हा हिशोब आधीच धरून जागा ठरवायची.

पण तोटी कुठे आली हे कळणार कसं? त्यासाठी उपग्रहाच्या अंगावर सूर्य बघणाऱ्या दोन चिरा ठेवल्या, एक उभी आणि एक तिरकी. प्रत्येक फेरीत सूर्याचा प्रकाश आधी एका चिरेत शिरतो, मग दुसरीत. दोन्हींमध्ये किती वेळ गेला यावरून अक्ष सूर्याच्या मानाने किती कललाय ते जमिनीवर बसून काढता येतं. म्हणजे घड्याळ सूर्याचं आणि सुकाणू वायूच्या तोटीचं.

या युक्तीवर सिनकॉम नावाचे उपग्रह बनले. पहिला १९६३ च्या फेब्रुवारीत वर जाऊन मुका झाला. त्याच जुलैमधला दुसरा यशस्वी ठरला. विल्यम्सला मात्र फार आयुष्य लाभलं नाही. १९६६ मध्ये तो गेला. त्याच्या पेटंटवरून ह्यूज आणि अमेरिकन सरकार यांच्यात जो खटला उभा राहिला तो दोन दशकांहून जास्त चालला आणि कंपनीने तो जिंकला.

आता परत साराभाईंकडे.

सिनकॉम-२ वर गेला त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९६३ ला, केरळच्या थुंब्याच्या किनाऱ्यावरून भारतातलं पहिलं रॉकेट उडालं. ही जागा शोधण्यात साराभाईंच्या बरोबर होते मूळ कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. चर्चमधलं ऑफिस आणि सायकलवरून नेलेले रॉकेटचे भाग या गोष्टी आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ते रॉकेट अमेरिकेचं होतं हे मात्र बरेचजण विसरतात. आपलं स्वतःचं, फक्त ७५ मिलिमीटर जाडीचं रोहिणी रॉकेट उडायला १९६७ उजाडलं.

साराभाईंचं डोकं त्याच्या किती तरी पुढे धावत होतं. त्यांना खेड्यात टीव्ही न्यायचा होता. शहरातून मनोरा उभारत उभारत खेड्याकडे जायचं, हा सरळ रस्ता त्यांना नामंजूर होता. त्या रस्त्याने मुंबई-पुण्याला आज, नागपूरला काही वर्षांनी आणि यवतमाळच्या एखाद्या पाड्यावर कधी ते देव जाणे. वरून, उपग्रहावरूनच सोडलं तर मुंबई आणि पाडा यांच्यात फरकच उरत नाही. दोन्ही सारख्याच अंतरावर. पेरणी, कीड, लसीकरण, कुटुंबनियोजन, जे सांगायचं ते एकाच वेळी सगळ्यांना.

टीका व्हायची ती झालीच. ज्या देशाला अमेरिकेहून गहू मागवावा लागतो त्याने उपग्रहाची स्वप्नं बघावीत का? हा प्रश्न चुकीचा नव्हता. साराभाईंचं म्हणणं असं, की श्रीमंत देशांशी चंद्रावर जायची शर्यत लावायची नाही, पण आपल्या रोजच्या अडचणींवर ही तंत्रं वापरण्यात मात्र कुणाच्याही मागे राहायचं नाही.

जानेवारी १९६६ मध्ये होमी भाभा विमान अपघातात गेले. अणुऊर्जा आयोगाची जबाबदारी साराभाईंवर आली. घर अहमदाबादला, ऑफिस मुंबईला, रॉकेटं थुंब्याला. आठवड्याचे सातही दिवस विमानात आणि मीटिंगमध्ये. त्याच धबडग्यात, परदेशाशी संपर्कासाठी उपग्रह भूस्थानक उभारायचा प्रश्न पुढे आला.

सोपा मार्ग उघडच होता. परदेशी कंपनीला सांगायचं, सगळं तयार करून किल्ली हातात द्या. साराभाईंनी पंगा इथे घेतला. काही यंत्रं बाहेरून आणावी लागली तरी चालतील, पण उभारणी आपल्या माणसांनीच करायची, हे काम अणुऊर्जा विभागाकडे द्या, असा त्यांचा आग्रह. हा जुगार होता. आपल्याकडच्या इंजिनिअरांनी तोवर या प्रकारचं एकच छोटं स्थानक बघितलेलं, १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अहमदाबादला उभारलेलं, आणि तेही प्रयोगापुरतं. आर्वीचं मात्र पैसे कमावणारं, रात्रंदिवस चालणारं असायला हवं होतं. ते फसलं असतं तर खेड्यातल्या टीव्हीचं स्वप्न तिथेच हसण्यावारी गेलं असतं.

ते फसलं नाही.

त्या काळात हिंदी महासागरावरचे इंटेलसॅट उपग्रह फिरणाऱ्या जातीचेच होते. त्यांच्यात एक नवी करामत आली होती. सुरुवातीच्या उपग्रहांवर अँटेनाही पिंपाबरोबर फिरायचा, त्यामुळे तो चारही बाजूंना लहरी उधळायचा. एवढ्या उंचीवरून पृथ्वी दिसते फक्त १७ अंशांची. म्हणजे भोवतालच्या ३६० अंशांतला वीस-एकविसावा भाग कामाचा, बाकी सगळं रिकाम्या अवकाशाला दान. इंटेलसॅट-३ मालिकेत पिंप एका दिशेला फिरायचं आणि मोटर लावून अँटेना त्याच वेगाने उलट फिरवला जायचा. पळत्या पट्ट्यावर माणूस उलटा चालत राहिला की एकाच जागी दिसतो, तसा अँटेना पृथ्वीकडे तोंड करून जागच्या जागी. सगळी ताकद कामाच्या भागावर.

यात धोका बेअरिंगचा. अवकाशात तेलपाणी करायला कोण जाणार? १९६९ मध्ये याच मालिकेतल्या, अटलांटिक महासागरावरच्या एका उपग्रहाचा अँटेना असा अडकला आणि उपग्रह ठणठणीत असूनही काही काळ निकामी झाला.

आणि नेम किती पक्का हवा? उपग्रहाचा झोत एका अंशाने कलला तर खाली जमिनीवर तो सव्वासहाशे किलोमीटर सरकतो. मुंबई ते यवतमाळ हे सरळ रेषेतलं अंतर याहून थोडं कमीच भरेल. साराभाईंना मुंबई आणि पाडा सारख्या अंतरावर आणायचे होते खरे, पण त्यासाठी वर फिरणाऱ्या पिंपाने एका अंशाचीही चूक करायची नव्हती.

१५ ऑगस्ट १९६९ ला इस्रो स्थापन झाली. त्याच सप्टेंबरात साराभाईंनी नासाशी करार केला. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी भारताकडे वळवायचा आणि खेड्यांत टीव्ही दाखवायचा. १९७० च्या जुलैमध्ये त्यांनी पुढच्या दहा वर्षांचा आराखडा मांडला. त्यात भारताने स्वतःचे दूरसंचार उपग्रह स्वतःच वर न्यायचे, असं लिहिलेलं होतं. तेव्हा आपल्याकडे एकही उपग्रह नव्हता.

तो बनवायला माणूस कोण? त्यांचाच विद्यार्थी उडुपी रामचंद्र राव. साराभाईंच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करून ते अमेरिकेत गेले होते. पायोनिअर या फिरणाऱ्या यानांवरची उपकरणं त्यांच्या हाताखालून गेलेली. १९६६ मध्ये ते पीआरएलला परतले आणि भारतात घरच्या उपग्रहाचा विचार करू शकेल असा बहुधा तो एकच माणूस होता. साराभाईंनी आराखडा त्यांच्याच हातात दिला.

२९ डिसेंबर १९७१. साराभाई थुंब्याला होते. रॉकेटच्या कामाचा आढावा झाला, भेटीगाठी झाल्या. रात्री उशिरा तरुण अब्दुल कलामांशी फोनवर बोलणं झालं. मुक्काम कोवलमच्या समुद्रकाठच्या हॅल्सियन कॅसलमध्ये. ३० तारखेला सकाळी ते खोलीत मृतावस्थेत सापडले. वय ५२.

आर्वीच्या स्थानकाला पुढे विक्रम भूस्थानक असं नाव मिळालं.

सोव्हिएत रॉकेटवरून भारताचा उपग्रह सोडण्याचा करार १९७२ च्या मे महिन्यात झाला, म्हणजे साराभाई गेल्यावर पाच महिन्यांच्या आत. राव आणि त्यांची तरणीबांड टोळी बंगळुरूच्या पीण्या भागातल्या शेडमध्ये कामाला लागली. १९ एप्रिल १९७५ ला ३६० किलोचा आर्यभट वर गेला. २६ बाजूंचा, गोलसर, पोटाशी रुंद. त्याला फिरवण्यासाठी नायट्रोजन भरलेल्या बाटल्या होत्या आणि दिशा ओळखायला सूर्याचा संवेदक आणि चुंबकमापक. पाचव्या दिवशी वीजपुरवठ्यात घोळ होऊन वैज्ञानिक प्रयोग बंद पडले, पण उपग्रह फिरत राहिला आणि त्याच्याशी संपर्क पुढे काही वर्षं टिकला. तो पृथ्वीच्या वातावरणात जळून संपला १९९२ मध्ये.

फिरतं ठेवणं जमलं. फिरत असताना हवं तसं वळवणं हा पुढचा धडा. तो गिरवला १९७९ च्या भास्कराने. या उपग्रहावर जमिनीचे फोटो काढणारा कॅमेरा होता. उपग्रह फिरतोय म्हणजे कॅमेरा कधी आकाश बघणार, कधी जमीन. म्हणून त्याचा अक्ष जमिनीवरून हुकूम देऊन असा आडवा ठेवला, की रस्त्यावरून चाक घरंगळावं तसा तो कक्षेत घरंगळत जाईल आणि प्रत्येक फेरीत कॅमेरा एकदा नेमका खाली वाकेल. विल्यम्सची फट्-फट् आता बंगळुरूच्या माणसांना हाताने येऊ लागली होती.

साराभाईंनी करार केलेला टीव्हीचा प्रयोगही झाला, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. सहा राज्यांतल्या खेड्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हता. पैनगंगेच्या पलीकडे तेव्हाचा आंध्र प्रदेश, त्या राज्यातली गावं यादीत होती आणि अलीकडच्या यवतमाळला ठेंगा. विदर्भाला हे नवीन नाही म्हणा.

मग १९८२ च्या एप्रिलमध्ये आपला इन्सॅट-१ए गेला. हा पूर्ण फिरणारा नव्हता, आतली चाकं फिरवून तोल सांभाळणारा होता. सप्टेंबरात त्याचं पृथ्वीवरचं लक्ष सुटलं. दिशा पुन्हा धरण्याच्या धडपडीत इंधन संपलं आणि कोट्यवधी रुपयांचा उपग्रह पाच महिन्यांत मेला. बाकी सगळं शाबूत, फक्त तोंड भलतीकडे.

३० ऑगस्ट १९८३ ला त्याचा भाऊ इन्सॅट-१बी वर गेला आणि टिकला. त्याच्या जोरावर पुढच्या काही वर्षांत दूरदर्शनचे छोटे प्रक्षेपक देशभर उभे राहिले आणि जिल्ह्याच्या गावांत संध्याकाळी लोक टीव्हीपुढे जमू लागले. ७४ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर तो उभा होता. यवतमाळच्या गच्चीवरून बघायचं झालं तर दक्षिणेला तोंड करायचं, किंचित पश्चिमेला वळायचं आणि मान साधारण ६५ अंश वर करायची.